सनमायकाच्या फर्निचरला घरच्या घरी नवा रंग

बदलीच्या नोकरीत माणसाबरोबर त्याचे फर्निचरही फिरते. नागपुरात संसार मांडताना घेतलेले कपाट तीन वर्षांनी इंदूरला जाते, तेथून चेन्नईला, आणि निवृत्तीच्या सुमारास पुन्हा नागपूरला परतते. प्रत्येक फेरीत ट्रकच्या फळीवर एखादा कोपरा आपटतो, दोरीचा काच कडेवर उमटतो, बिजागरीचे स्क्रू सैल होतात. ज्यांना बदलीचा जाच नाही त्यांच्या घरीही काळ आपले काम करतोच. स्वयंपाकघरातील कपाटांवर फोडणीची वाफ बसते, खिडकीजवळचे टेबल उन्हाने फिकटते, आणि पंधरा वर्षांपूर्वी हौसेने निवडलेला गर्द तपकिरी सागवानी छाप आता खोलीला उगाचच काळोखी आणतो. वस्तू मात्र आतून भक्कम असते. दारे नीट लागतात, खण ओढले की सरकतात. ती भंगारात काढावी हे मनाला पटत नाही, आणि नव्या कपाटाची किंमत विचारून आल्यावर तर मुळीच नाही.

मग रंगाचा विचार पुढे येतो. ऑइल पेंटचा एक डबा, एक ब्रश आणि एक मोकळा रविवार, एवढ्यावर काम भागेल असे वाटते. संध्याकाळपर्यंत कपाट खरोखरच लखलखते. दसऱ्याला आलेले पाहुणे कौतुक करतात. संक्रांतीच्या सुमारास मात्र किल्ल्यांचा जुडगा घासून एक ओरखडा उठतो, त्याच्या कडेला कोणी सहज नख लावतो आणि रंगाची साल पट्टीच्या पट्टी निघून हातात येते. त्या क्षणापासून घरात पूर्वीपेक्षा वाईट वस्तू उभी राहते. अर्धवट सुटलेल्या थरावर नवा रंग देता येत नाही आणि संपूर्ण थर खरवडायचा तर आठवडा मोडतो. दोष सहसा रंगाला आणि दुकानदाराला दिला जातो. वास्तविक रंग बहुधा चांगलाच असतो. आपल्या अंगाला काहीही चिकटू न देणे हा त्या पृष्ठभागाचा गुण आहे आणि त्याच गुणासाठी तो वीस वर्षांपूर्वी विकत घेतलेला असतो. हा गुण कसा मोडायचा, एवढाच या कामातला खरा प्रश्न आहे. ब्रश हातात धरण्याचा भाग त्यात सर्वांत सोपा व सर्वांत लहान आहे.

नावात अभ्रक, अंगात कागद

महाराष्ट्रात ज्याला सरसकट ‘सनमायका’ म्हणतात ते एका व्यापारी नावाचे सामान्यनाम झालेले रूप आहे. या जातीच्या वस्तूचा इतिहास विजेच्या उपकरणांपाशी सुरू होतो. १९१२ साली अमेरिकेतील वेस्टिंगहाउस कंपनीत काम करणारे डॅनियल ओ’कॉनर आणि हर्बर्ट फेबर हे विद्युतरोधक म्हणून वापरल्या जाणाऱ्या अभ्रकाला पर्याय शोधत होते. उत्तम अभ्रकाचे पत्रे त्या काळी आजच्या झारखंडातील कोडरमा परिसरातून परदेशी जात. या दोघांनी राळेत भिजवलेल्या कापडाचे थर तापवून व दाबून जो कडक पत्रा बनवला, तो ‘मायकाच्या ऐवजी’ वापरायचा म्हणून ‘फॉर्मायका’ ठरला. पुढे १९३०च्या दशकात वरच्या थरासाठी मेलामाइन राळ आली आणि विजेच्या खोक्यातला हा पत्रा घराच्या दिवाणखान्यात पोहोचला. सनमायकाच्या नावातही तेच अभ्रक डोकावते. वस्तूत मात्र त्याचा कणही नसतो.

आत असतो तो कागद. तपकिरी जाड कागदाचे अनेक थर फिनॉलिक राळेत भिजवतात, त्यावर छापील नक्षीचा कागद मेलामाइन राळेत भिजवून ठेवतात, आणि दर चौरस सेंटिमीटरला पन्नास किलोंहून अधिक दाब व १२० अंश सेल्सिअसच्या वर तापमान देऊन त्यांचा एकजीव पत्रा करतात. दाब व उष्णता यांमुळे राळेचे रेणू एकमेकांत कायमचे गुंफले जातात. एकदा ही गुंफण झाली की तो पत्रा पुन्हा वितळत नाही, मऊ पडत नाही आणि नेहमीच्या थिनरात विरघळतही नाही.

रंगाच्या दृष्टीने हीच अडचण आहे. साध्या लाकडावर रंग धरतो, कारण लाकडाला सूक्ष्म छिद्रे असतात. प्रायमर त्यांत मुरतो, तेथे घट्ट होतो आणि मुळांसारखा रुतून बसतो. मेलामाइनच्या पृष्ठभागाला छिद्रे नाहीत. जुन्या प्लॅस्टिकला थिनर थोडेसे मऊ करून रंगाला वाट देतो, तसेही येथे होत नाही. हळदीचे बोट ओल्या फडक्याने पुसले जावे म्हणून जो पृष्ठभाग घडवला, तो रंगालाही त्याच तटस्थतेने वागवतो.

आधी ओळख पटवावी

घरातील सारेच चकचकीत फर्निचर सनमायकाचे नसते, आणि येथे केलेली चूक पुढे कोणत्याही प्रायमरने सुधारत नाही. म्हणून प्रथम दाराची कड किंवा बिजागरीमागची खाच उजेडात पाहावी. प्लायवुडवर सुमारे एक मिलिमीटर जाडीची वेगळी पट्टी आणि तिच्या कडेला काळपट तपकिरी रेघ दिसली, तर तो सुताराने चिकटवलेला खरा सनमायका समजावा. त्याला रंग देणे कष्टाचे असले तरी भरवशाचे आहे.

तयार मिळणाऱ्या, सुटे भाग जोडून उभ्या केलेल्या फर्निचरात बहुतेक वेळा पार्टिकल बोर्ड असते. लाकडाचा चुरा, किंवा उसाचे चिपाड, राळेने बांधून केलेली ही फळी कारखान्यातच मेलामाइनच्या कागदाने मढवलेली असते. हा कागद सनमायकापेक्षा कितीतरी पातळ असल्याने घासताना हात अतिशय हलका हवा. पृष्ठभाग फाटला की खालचा भुसा उघडा पडतो आणि पाण्याचा थेंब लागताच फुगतो.

तिसरा प्रकार स्वयंपाकघरातील गोलाईदार, कोरीव दारांचा. त्यांवर पीव्हीसीचा पातळ पडदा उष्णतेने ताणून बसवलेला असतो. नखाने दाबल्यास तो किंचित दबतो आणि उष्णतेजवळच्या कडांना सुटू लागतो. मऊ पीव्हीसीतील तैलयुक्त द्रव्ये हळूहळू वर येऊन ऑइल पेंटला कायमचा चिकट ठेवू शकतात. असा पडदा सुटू लागला असेल तर तो केस वाळवण्याच्या यंत्राच्या गरम हवेने संपूर्ण सोलून काढावा आणि खालच्या एमडीएफच्या फळीलाच प्रायमर व रंग द्यावा, हे उत्तम. खऱ्या लाकडाचा पातळ काप, म्हणजे विनियर, हा चौथा प्रकार. त्याच्या रेषा ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत नाहीत आणि बारकाईने पाहिल्यास छिद्रे दिसतात. विनियरवर रंग फासणे हे सहसा पश्चात्तापाचे काम ठरते. त्याला पॉलिशच शोभते.

ओळख पटली की दुसरा, अधिक कठोर प्रश्न विचारावा: ही वस्तू रंगवण्याच्या योग्यतेची आहे का? पावसाळ्यात भिंतीची ओल शोषून तळाची फळी पावासारखी फुगली असेल, तर ती पुन्हा पूर्वीच्या जाडीची होत नाही. तेवढी फळी बदलावी किंवा वस्तू निकालात काढावी. ज्या टेबलावर रोज कुकर आणि कढई टेकते त्याच्या वरच्या पत्र्यालाही घरचा रंग फार काळ तग धरत नाही. त्याच्या पायांना व बाजूंना रंग द्यावा आणि वर नवा सनमायका चिकटवून घ्यावा. खर्च थोडा वाढतो पण काम टिकते. आणखी एक गोष्ट सांगणे अप्रस्तुत होणार नाही. भाड्याच्या घरातील, अथवा नोकरीतून वापरासाठी मिळालेले फर्निचर हे दुसऱ्याच्या मालकीचे असते. त्याला रंग लावण्याची हौस लेखी परवानगीनंतरच करावी.

डबा उघडण्यापूर्वी

कामाचा पहिला दिवस पूर्णपणे पाण्याचा आणि स्क्रू-ड्रायव्हरचा असतो. दारे, मुठी, बिजागऱ्या काढाव्यात. प्रत्येक दाराच्या आतल्या बाजूस बिजागरीच्या खाचेत पेन्सिलीने क्रमांक घालून त्यावर चिकटपट्टी लावावी. दिसायला सारखी असणारी दोन दारे परस्परांच्या जागी कधीच नीट बसत नाहीत. स्क्रू सैल झालेल्या छिद्रांत पांढऱ्या गोंदात बुडवलेली बांबूची काडी ठोकून एक दिवस वाळू द्यावी.

यानंतर धुणे. स्वयंपाकघरातील कपाटांवर तेलाचा जो अदृश्य थर असतो तो न काढता कागदाने घासू लागल्यास तेल निघत नाही, उलट ओरखड्यांत भरले जाते. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून पिळलेल्या फडक्याने पुसावे, मग स्वच्छ पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसावे. सोड्याचा अंश राहिला तर तोही रंगाला धरू देत नाही. फळीच्या कडांवर पाणी रेंगाळू देऊ नये. देवघराच्या आसपास काजळी व तूप असते, तेथे हा क्रम दोनदा करावा लागतो. वर्षानुवर्षे चमक आणण्यासाठी फवाऱ्याचे पॉलिश मारले असेल तर त्यातील सिलिकोन पृष्ठभागावर टिकून असतो आणि त्यावर रंग आकसून माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. म्हणून शेवटी स्पिरिटचे फडके फिरवावे आणि प्रत्येक वेळी फडक्याची स्वच्छ बाजू वापरावी. हे करताना शेजारी गॅस, समई वा निरांजन पेटलेले नसावे.

सनमायकाचा कोपरा सुटला असेल तर तो रंगाने दाबला जात नाही. खालचा जुना गोंद व धूळ पात्याने खरवडून पांढरा गोंद घालावा, वर सपाट फळी ठेवून शिकंजा अथवा वजन द्यावे आणि पूर्ण एक दिवस हात लावू नये. तुटलेले कोपरे एपॉक्सीच्या लांबीने भरावेत. रंगारी वापरतात ती खडू आणि अळशीच्या तेलाची जुनी लांबी येथे चालत नाही; सनमायकावर ती सुटते. पार्टिकल बोर्डाच्या ज्या कडा उघड्या आहेत, मागच्या आणि तळाच्यासुद्धा, त्या या टप्प्यावर बंद करून घ्याव्यात. याची दोन कारणे आहेत. पहिले ओलीचे. दुसरे असे की या फळ्यांतील यूरिया-फॉर्मल्डिहाइड राळेतून अल्प प्रमाणात फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडत राहतो आणि तो मुख्यतः उघड्या कडांतून येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली हा वायू मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या वर्गात घातला. कडा बंद केल्याने तो कमी होतो. रंगाचा हा उपयोग सौंदर्यापेक्षा मोठा असूनही फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

आता घासणे. या कामात जो कंटाळा करतो त्याचा रंग सोलतो, इतका हा टप्पा निर्णायक आहे. सनमायकासाठी १८० ते २२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या किंवा रबराच्या ठोकळ्याला गुंडाळून घ्यावा, म्हणजे बोटांचे खळगे पडत नाहीत. पत्रा कापायचा नाही, त्याची चमक मारायची आहे. नक्षी तशीच दिसली पाहिजे, पण तिच्यावर धुके पडल्यासारखे वाटले पाहिजे. मेलामाइनच्या पातळ कागदावर २२० पेक्षा खरखरीत कागद वापरू नये आणि कोपऱ्यांवर तर दोन-तीन हलके हातच पुरेत. ज्या सनमायकावर लाकडी रेषांचे खोल उठाव आहेत त्यांच्या फटींत कागद पोहोचत नाही. तेथे भांड्यांची हिरवी घासणी उपयोगी पडते. काम झाले की खोलीत अंधार करून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून तिरपी धरावी. जेथे अजून चकाकी दिसेल ती जागा राहून गेलेली आहे. घासण्यापूर्वी टाकलेला पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोल उभा राहत होता, तो आता पसरट होतो, हीदेखील एक चांगली खूण आहे.

या धुळीत राळ असते. नाकाला एन-९५ मुखपट्टी बांधावी, मुले व दम्याचे रुग्ण त्या खोलीत नसावेत. हीच मुखपट्टी पुढे थिनरच्या वाफेपासून मात्र संरक्षण देत नाही, हा भेद करोनानंतर मुखपट्टीची सवय झालेल्या घरांनी विशेष लक्षात ठेवावा. वाफेला उपाय म्हणजे उघड्या खिडक्या. वस्तूवर पूर्वी कोणी ऑइल पेंट दिलेला असेल तर कोरडे घासणे पूर्ण टाळावे, कारण जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता बरीच. घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग ठरवणारे नियम भारत सरकारने १ नोव्हेंबर २०१६ रोजी अधिसूचित केले आणि ते वर्षभराने लागू झाले. त्याआधीच्या रंगावर वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासावा आणि तो चिखल कागदावर गोळा करून टाकावा. नवा डबा घेतानाही शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा अधिक नसल्याचा उल्लेख वाचूनच घ्यावा. पाळणा, मुलांचे टेबल किंवा लहान मूल दातांनी कुरतडू शकेल अशी कोणतीही कड रंगवायची असेल तर ही अट मोडता कामा नये.

प्रायमर आणि आठ दिवसांची परीक्षा

हार्डवेअरच्या दुकानात लाकडाचा प्रायमर मागितला की जो गुलाबी अथवा पांढरा डबा पुढे येतो तो लाकडात मुरण्यासाठी बनवलेला असतो. सनमायकावर तो नुसता बसतो. येथे हवा तो गुळगुळीत, छिद्रहीन पृष्ठभागाला धरणारा प्रायमर. डब्यावर लॅमिनेट, काच किंवा टाइल यांचा स्पष्ट उल्लेख असावा. दोन डब्यांत येणारा एपॉक्सी प्रायमरही उत्तम पकड घेतो. मात्र दोन्ही घटक सांगितलेल्या प्रमाणातच मिसळावे लागतात आणि मिश्रण काही तासांत वापरून संपवावे लागते. एका वेळी एका दाराला पुरेल इतकेच कालवावे, कारण उरलेले मिश्रण वाटीतच दगड होते.

तिसरा पर्याय पूर्णपणे भारतीय आहे. झारखंड, छत्तीसगड व मध्य प्रदेशातील पळस, बोर व कुसुम या झाडांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात तिच्यापासून चपडा होतो. रांचीजवळ नामकुम येथे या लाखेच्या अभ्यासासाठी १९२४ सालापासून संशोधन संस्था आहे. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा गुळगुळीत पृष्ठभागाला चांगला धरतो, तासाभरात वाळतो, खालचे तेलकट डाग व वास वर येऊ देत नाही. नेहमीच्या चपड्यात मेण असते आणि मेणावर पुढचा रंग, विशेषतः पाण्याचा, नीट बसत नाही. म्हणून मेण काढलेला चपडाच घ्यावा. विरघळवून महिनोन्‌महिने ठेवलेला चपडा वाळेनासा होतो. काचेवर एक थेंब टाकून तो तासाभरात टणक होतो की नाही हे पाहावे. मुंबई-कोकणातील ऐन पावसाळ्यात तो पांढुरका पडतो आणि उष्णतेने मऊ होतो, त्यामुळे शेगडीजवळच्या कपाटांना एपॉक्सीच बरा.

कोणताही पर्याय निवडला तरी संपूर्ण कपाटाला लावण्याआधी एका दाराच्या आतल्या बाजूस वहीच्या पानाएवढ्या जागेवर सगळा क्रम करून पाहावा: धुणे, घासणे, प्रायमर, रंगाचे दोन हात. त्यानंतर आठ दिवस थांबावे. मग धारदार पात्याने दोन-दोन मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेषा कापाव्यात, म्हणजे पंचवीस चौकोन होतात. त्यावर चांगली चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात उपटावी. रंगाच्या प्रयोगशाळांत पकड मोजण्याची जी पद्धत आहे तिचेच हे घरगुती रूप आहे. सगळे चौकोन जागेवर राहिले तर निश्चिंतपणे पुढे जावे. एखाद-दुसऱ्याचा टवका गेला तर घासणे कमी पडले. निम्मे चौकोन पट्टीबरोबर आले तर प्रायमर बदलावा. वाया गेले ते आठ दिवस आणि वाटीभर रंग. हाच निकाल संक्रांतीला कळला असता तर सारे कपाट गेले असते.

रंग, ऋतू आणि हात

साधारण सात फूट उंच, चार फूट रुंद व दोन फूट खोल कपाटाचा दर्शनी भाग २८ चौरस फूट आणि दोन्ही बाजू मिळून २८ चौरस फूट, म्हणजे एकूण ५६ चौरस फूट किंवा सव्वापाच चौरस मीटर भरतो. गुळगुळीत पृष्ठभागावर एक लिटर रंग एका हातास आठ ते बारा चौरस मीटरपर्यंत पुरतो. तेव्हा दोन हातांना सुमारे लिटरभर रंग व एका हाताला अर्धा-पाऊण लिटर प्रायमर पुरेसा होतो. चार लिटरचा डबा स्वस्त पडतो म्हणून घेणारे तीन लिटर रंग माळ्यावर सुकवतात.

रंगाच्या जातीबाबत मतभेद आहेत, पण घरातील कामाला पाण्यात मिसळणारा इनॅमल अधिक सोयीचा, हे मान्य करावे लागेल. त्याचा वास कमी आणि पांढरा रंग पांढराच राहतो. तेलाचा पांढरा इनॅमल अंधारात पिवळा पडतो, आणि कपाटाचा आतला भाग म्हणजे अंधारच. कपड्यांनाही त्याचा वास महिनोन्‌महिने लागतो. कपाट आतून रंगवण्याची मुळात गरज नसते. फवाऱ्याने देण्याचा दोन घटकांचा पीयू रंग सर्वांत टणक खरा, परंतु त्यातील आयसोसायनेटचे तुषार फुप्फुसांना घातक असतात. ते काम योग्य साधने असलेल्या कारागिराच्या कार्यशाळेत करून घ्यावे; बंद फ्लॅटमध्ये ते करू नये.

दारे स्टुलांवर आडवी ठेवून रंगवल्यास ओघळ येत नाहीत. कडांना लहान ब्रश आणि सपाट भागाला बारीक स्पंजचा रोलर वापरावा. थर पातळ द्यावा. पहिल्या हातानंतर खालची नक्षी डोकावतेच. ती झाकण्यासाठी तेथेच जाड थर देण्याचा मोह आवरावा. अर्धवट ओढ घेतलेल्या रंगावरून पुन्हा ब्रश फिरवला की खुणा उमटतात आणि त्या जात नाहीत. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळावा. ऑइल पेंटवर घाईने दुसरा हात दिल्यास खालचा थर मऊ होऊन सुरकुत्या पडतात. मधल्या वेळी ३२० नंबरच्या कागदाने हलकेच घासून ओल्या फडक्याने धूळ टिपावी.

या देशात रंगाचा मुहूर्त गावागणिक बदलतो. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर टाळावे. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर हा पावसाचा काळ. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी पाण्याचा रंग ब्रशवरच ओढ घेतो. तेथे सकाळी लवकर काम उरकावे. दिल्लीच्या जानेवारीतील धुक्यात तो वाळण्याचे नाव घेत नाही. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी दिवाळीनंतरचे आठवडे सर्वांत अनुकूल असतात. दिवाळीआधी घर सजवण्याची आपली रीत रंगाच्या रसायनशास्त्राला मानवत नाही, एवढे नमूद करावेसे वाटते.

वाळणे आणि पक्के होणे

बोट लावून रंग हाताला लागला नाही की तो तयार झाला, हा समज बहुतेक कामे बिघडवतो. बोटाला लागत नाही याचा अर्थ वरची साय धरली, इतकाच. ऑइल पेंट हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतो. पाण्याच्या रंगातले पाणी उडून गेल्यावर त्यातील राळेचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा व्हायला वेळ लागतो. दोन्हींना पूर्ण कणखर व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, दमट हवेत त्याहून अधिक. या काळात पुस्तके फळीवर रचली तर ती चिकटतात आणि उचलताना रंगाचा तुकडा बरोबर नेतात. दार चौकटीला घट्ट लावून ठेवले तर दोन रंगीत पृष्ठभाग परस्परांना धरतात. दारे दोन-तीन दिवसांनी बसवावीत, परंतु आतल्या कडेला मेणकागदाची पट्टी लावून ती किंचित उघडी ठेवावीत. फळ्यांवर महिनाभर वर्तमानपत्रही अंथरू नये, त्याची शाई उतरते. कोरड्या मऊ फडक्याने पुसणे पुरे. साबणाचे पाणी महिन्यानंतर.

अळशीच्या तेलाने किंवा ऑइल पेंटने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात, मगच कचऱ्यात द्याव्यात. थिनर मोरीत ओतू नये.

उरलेला रंग मोठ्या डब्यात अर्धवट ठेवला की वर साय धरतो. तो काचेच्या लहान बाटलीत काठोकाठ भरावा, झाकण घट्ट लावावे आणि रंगाचा क्रमांक, कंपनी व तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवून बाटली त्याच कपाटाच्या वरच्या खणात ठेवावी. पुढच्या बदलीला कपाट ट्रकमधून उतरेल तेव्हा कोपऱ्यांना तो लागेलच.